रेकॉर्डिंग मुलांसाठी थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की बालवाड्यांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. ब्लूटूथ स्पीकर बाहेर निघतो, गाणी ठरतात, कपडे भाड्याने आणायची चर्चा सुरू होते आणि पुढचे दीड-दोन महिने तीन ते सहा वर्षांची मुलं त्याच साडेतीन-चार मिनिटांच्या गाण्यावर तेच हातवारे करत राहतात. कार्यक्रमाच्या दिवशी काय दिसतं ते सगळ्या पालकांना ठाऊक आहे. रंगमंचाखाली ताई उभ्या राहून हातवारे करतात, वरची निम्मी मुलं त्यांच्याकडे बघत अर्धा ठेका मागून तेच करतात, दोघं रडतात, एक जण आईला शोधतो. यात मुलांची चूक नाही आणि ताईंचीही फारशी नाही. या वयाच्या मुलाला ओळीने तीन-चार कृती लक्षात ठेवता येतात. आपण त्याच्याकडून वीस मागतो, त्याही अशा आवाजाबरोबर जो त्याच्यासाठी एक क्षणही थांबणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बालशिक्षणात काय असावं याची जी यादी आहे, तिच्यात चित्रं, हस्तकला, नाट्य, बाहुलीनाट्य यांच्याबरोबर ‘संगीत आणि हालचाल’ हे शब्द स्पष्ट आहेत. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही २०२२ मध्ये आला. म्हणजे कागदावर हा विषय आहेच. वर्गात मात्र त्याचा अर्थ ‘मोबाइलवर बालगीत लावणं’ असा झाला आहे. खासगी प्ले-ग्रुपमध्ये भिंतीवरचा टीव्ही असतो, अंगणवाडीत ताईंचा स्वतःचा फोन. प्रकार एकच. आमचं म्हणणं एवढंच आहे की या वयात संगीताच्या तासाला थांबणारा, वाट बघणारा, पुन्हा सुरू होणारा आवाज लागतो आणि तो फक्त समोरच्या माणसाचा असू शकतो.

हे भावनेपोटी म्हणत नाही. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ठेक्याबरोबर ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकरमधला आवाज. माणूस समोर असताना मुलांनी ठेका सर्वांत चांगला धरला, अगदी अडीच वर्षांच्यांनीही. मुलाला ठोका नुसता ऐकायचा किंवा बघायचा नसतो, कुणाबरोबर तरी वाजवायचा असतो.

लयीचा हिशेबही वेगळा आहे. मोठ्या माणसाला आपणहून टेबलावर ठोका धरायला सांगितलं तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास पडतो. चार वर्षांच्या मुलाचा बहुधा १२० ते १५०च्या दरम्यान असतो, आणि त्याहून फार हळू जाणं त्याला जमत नाही. म्हणून साठ-सत्तरच्या संथ लयीतली प्रार्थना सुरू झाली की मुलं पुढे पळतात आणि ‘घाई करू नका’ म्हणून ओरडा खातात. नाचाच्या गाण्यात ठोका कदाचित जुळतो, पण शब्द आणि हातवारे पळतात. त्यात आणखी एक अडचण. तीन वर्षांचं मूल एक तर गातं, नाहीतर हातवारे करतं. दोन्ही एकदम करायला लावलं की गाणं बंद पडतं. समोर ताई गात असतील तर त्या ओळीच्या शेवटी दोन मात्रा थांबतात, मुलांचे हात पोचले की पुढे जातात. काही दिवसांनी थांबायची गरज उरत नाही.

आता सुराबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या कुणी सांगतही नाही. या वयाच्या मुलांचा आवाज पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत (म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत) आरामात फिरतो. गाणाऱ्या बायकांचा नेहमीचा षड्ज, म्हणजे सा, असतो डावीकडच्या सप्तकातल्या काळी चार-पाचला. ताईंनी स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गाणं सुरू केलं की अर्धं गाणं मुलांच्या आवाजाच्या खाली जातं. मग मुलं सूर सोडून बोलल्यासारखं एकसुरी म्हणतात आणि आपण शेरा मारतो, ‘याला सूर नाही.’ चित्रपटगीत लावलं तर उलट होतं. ते वरच्या षड्जापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातं, मुलं तिथे ओरडतात. उपाय सोपा आहे. षड्ज पांढरी दोनला ठेवा आणि गाणं सा ते प या पाच सुरांत बसणारं निवडा. पंचम, म्हणजे प, बरोबर पांढरी सहाला येतो. पेटी नसेल तर फोनवरच्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये पांढरी दोन लावा, सूर कानात घ्या, फोन बंद करून गा. बालवाडीत फोनचा एवढा उपयोग पुरे.

पहिलं गाणं तर दोनच सुरांचं असावं, पंचम आणि गंधार (ग). लांबून कुणाला हाक मारताना मुलाचा आवाज जसा वरून खाली उतरतो, तेच हे अंतर. हजेरी याच दोन सुरांत घ्या. ताईंनी ‘प प ग’वर नाव गायचं, मुलाने ‘प ग’वर उत्तर द्यायचं. वीस मुलांची हजेरी तीन मिनिटांत होते आणि प्रत्येक मूल रोज एकदा एकटं गातं. एकट्याने गायल्याशिवाय त्याचा सूर कुठे लागतो हे कळत नाही. घोळक्यात सगळेच सुरात वाटतात. जे उत्तर देत नाही त्याच्यासाठी दोन श्वास थांबावं आणि पुढच्याकडे जावं. ‘म्हण ना, म्हण ना’ केलं की ते पुढचा महिनाभर गप्प बसतं.

नवं गाणं ओळ-ओळ सांगून ‘माझ्या मागून म्हणा’ असं शिकवू नये. मुलं ओळीच्या शेवटी ओरडतात, मधली चाल त्यांच्या कानात शिरतच नाही. पूर्ण गाणं ताईंनी रोज दोनदा नुसतं गायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं ओळीचा शेवटचा शब्द पकडतात, मग ध्रुवपद, मग बाकीचं. एका गाण्याला दोन आठवडे द्यावेत. वर्षाला आठ-दहा गाणी पुष्कळ झाली. पन्नास गाण्यांची यादी लावणाऱ्या शाळांत मुलांना एकही पुरतं येत नाही.

हालचालीला जागा लागते आणि ती मोजून घ्यावी. वीस मुलं गोलात उभी करायची तर प्रत्येकाला ६५ सेंटिमीटर धरून परीघ १३ मीटर होतो, म्हणजे व्यास चार मीटरहून थोडा जास्त. त्यात भिंतीपासून सोडायची जागा धरली की १५ बाय १५ फुटांची मोकळी खोली हवी. बहुतेक अंगणवाड्यांत ती नसते, कारण कोपऱ्यात धान्याची पोती आणि वजनकाटा असतो. तेव्हा दहा-दहाचे दोन गट करून एकाला मदतनीसांबरोबर ओट्यावर बसून टाळ्यांचे खेळ द्यावेत. वीसच्या गोलासाठी दोन मीटरहून, दहाच्या गोलासाठी एक मीटरहून थोडी मोठी दोरी घ्या, एक टोक मध्ये धरा, दुसऱ्याला खडू बांधून जमिनीवर गोल काढा आणि त्यावर दर ६५ सेंटिमीटरला ठिपका द्या. ‘गोल करा’ असं तोंडी सांगून चार वर्षांच्या मुलांचा गोल कधीच होत नाही. मुलं एकमेकांकडे ओढली जातात आणि गोलाची गाठोडी होते. मॉन्टेसरी पद्धतीतही जमिनीवर रेघ आखून तिच्यावर चालायला देतात, तिथे ते तोल साधण्यासाठी असतं. पायांत मोजे नकोत, फरशीवर घसरतात. अंगणात घ्यायचं असेल तर आधी झाडून खडे काढावेत.

वीस मिनिटांचा तास घेतला तर सगळ्यांत मोलाची पाच मिनिटं ‘चाल-थांब’ची. दिमडी वाजते तोवर चालायचं, ती थांबली की पुतळा व्हायचं. पहिल्या आठवड्यात एवढंच, सगळ्यांनी एकाच दिशेने, आणि शांतता दोन-तीन सेकंदांची. पुढे शांतता पाच सेकंदांपर्यंत वाढवा, मग ठोका जलद-संथ करा. तो संथ करताना मुलं अडखळणारच, म्हणून ‘हत्तीसारखं’ मोठं पाऊल टाकायला सांगा. पाऊल मोठं झालं की वेळ आपोआप वाढतो. पाच वर्षांपुढच्यांना उलटा नियम द्या. दिमडी वाजली की थांबायचं, गप्प झाली की चालायचं. अंगात आलेली हालचाल आवरायला मुलं इथे शिकतात, तीही हसत-खेळत. मात्र या खेळात कुणालाही ‘बाद’ करू नका. जो थांबू शकत नाही तोच पहिला बाद होतो आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच भिंतीशी बसतो. याबाबतीत आमच्यात दुमत नाही. रेकॉर्डिंगवर हा खेळ होतो असं कुणी म्हणेल, बटण दाबून. पण त्यात थांबण्याची वेळ मुलांकडे बघून ठरत नाही. एखादं मूल पडणार असं दिसलं तर ताई आधीच ठोका तोडतात.

कोणती हालचाल कोणत्या वयात, हेही पाहावं. दोन्ही पायांनी उडी तीन वर्षांच्या मुलाला येते. लंगडी साधारण चौथ्या वर्षापासून, तीही सुरुवातीला दोन-तीन उड्यांचीच. पाय बदलत उडत जाणं पाच-सहाला. लेझीम या वयात देऊ नये, मनगटाला जड होते आणि साखळीत बोट सापडतं. वारीतली पावली मात्र सोपी करून सुंदर बसते: दोन पावलं पुढे, दोन मागे, हातात काही नाही. चालण्यासाठी केहरव्याचा ठेका घ्यावा. दादऱ्यात, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या तालात, मूल प्रत्येक मात्रेला पाऊल टाकू लागलं की पहिल्या मात्रेला डावा पाय आणि चौथीला उजवा येतो, दर तीन मात्रांनी पाय उलटतो आणि ते गोंधळून थांबतं. दादरा झोके घ्यायला, बसल्या जागी डुलायला ठेवावा.

वाद्यांसाठी मोठा खर्च लागत नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी भोवतालच्या वस्तूंतून बालवाडीची साधनं उभी केली, तोच रस्ता आजही चालतो. टिपऱ्या मोठ्यांच्या नकोत. २० सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर जाड पुरेत, टोकं गोल घासलेली. चिरलेल्या बांबूच्या करू नयेत, कुसळ हातात जाते. खुळखुळ्यासाठी २०० मिलीची बाटली पाव भरावी. जास्त भरली की आवाज दबतो. आत धान्य घातलं तर पावसाळ्यात त्याला किडे लागतात, म्हणून धुऊन वाळवलेले बारीक खडे घालावेत. झाकण गोंदाने चिकटवून वर चिकटपट्टी लावावी आणि दर सोमवारी ओढून बघावं, कारण आतला खडा तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. घुंगरू दोऱ्यात ओवू नयेत, सुटतात. रुंद इलॅस्टिकवर तीन-तीन पक्के शिवावेत आणि तासाच्या आधी व नंतर मोजावेत. चामड्याची दिमडी पावसात सैल पडते, उन्हात ठेवली की ताणते. फायबरची असेल तर ती कटकट नाही. खेळण्यातली वाद्यं विकत घ्यायची असतील तर आयएसआय चिन्ह बघावं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

वाद्यं वाटण्याची पद्धत ठरवली नाही तर तास पाच मिनिटांत हातचा जातो. वीस खुळखुळे एकदम दिले की बंद खोलीत ताईंचाच आवाज ऐकू येत नाही. पाच मुलांना वाद्य, बाकीच्यांना टाळ्या, आणि गाण्याच्या प्रत्येक फेरीनंतर पुढच्या पाचांकडे. वाद्य हाती देण्याआधी ते ‘झोपवायला’ शिकवा: मांडीवर आडवं, त्यावर हात. दर वेळी आधी झोपवायचं, मग बोलायचं.

टाळ्यांवर शब्द तोडण्याचा खेळ वाचनाच्या पूर्वतयारीसाठी फार उपयोगी आहे, पण त्यात एक चूक सर्रास होते. ‘बदक’ला तीन टाळ्या वाजवल्या जातात, कारण लिहिताना अक्षरं तीन. बोलताना मात्र दोनच ठोके ऐकू येतात: ब-दक. ज्याला अजून अक्षरं माहीत नाहीत ते मूल कानाने दोन मोजतं आणि बरोबर असून चुकीचं ठरतं. सुरुवात ‘पोळी’, ‘मासोळी’, ‘आजोबा’ अशा स्वरान्त शब्दांनी केली तर हा घोळ होत नाही.

गाणी घरच्या बोलीतली हवीत. मेळघाटात कोरकू, धुळे-जळगावकडे अहिराणी, डहाणू-तलासरीकडे वारली बोलणारी मुलं पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीतल्या गाण्यासमोर बसतात तेव्हा त्यांना चालही परकी आणि शब्दही. पालकांच्या बैठकीत दोन आयांना त्यांच्या घरचं एक हातखेळाचं आणि एक निजवण्याचं गाणं गायला सांगावं. त्या लाजतात, आधी ताईंनी गायलं की गातात. जात्यावरची ओवी मात्र उड्यांच्या वेळेला आणू नका, तिची लय दळणाऱ्या हाताची आहे. तासाच्या शेवटी मुलं आडवी होतात तेव्हा तिच्यासारखं दुसरं काही नाही. हा तास गरम आहाराच्या आधी ठेवावा, भरल्या पोटी उड्या नकोत.

जाहिरातींबद्दल थोडं. शास्त्रीय संगीत ‘ऐकवून’ बुद्धी वाढवण्याचा दावा काही प्ले-स्कूल करतात. त्याचं मूळ १९९३च्या एका प्रयोगात आहे. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. तीन वर्षांच्या मुलांच्या फीचा त्याच्याशी संबंध नाही.

या तासाचा आणखी एक उपयोग फार कमी जणांच्या लक्षात येतो. एखादं मूल रोज ठेक्याच्या अर्धा क्षण मागे असतं, शेजाऱ्याकडे बघून थांबतं, आणि ताई पाठमोऱ्या असताना गायल्या तर प्रतिसादच देत नाही. अशा मुलाच्या कानांची तपासणी व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी ‘हे मूल पाठीमागून हाक मारली तर वळत नाही’ असं नेमकं सांगितलं तर पुढची पाठवणी लवकर होते. स्पीकरच्या दणक्यात हे कधीच कळत नाही, कारण जमिनीची थरथरही मुलाला इशारा देते. उलट काही मुलं आवाजाने कान झाकतात. त्यांना दाराजवळची जागा द्यावी, गोलात ओढू नये.

स्पीकरच्या आवाजाचंही मोजमाप आहे. प्रौढ कामगारांसाठी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. संमेलनात बुटकी मुलं पहिल्या रांगेत, स्पीकरच्या तोंडाशी बसवलेली असतात आणि कार्यक्रम तीन तास चालतो.

संमेलन बंद करा असं आम्ही म्हणत नाही. ते बदला. सकाळी अकराच्या आत, एका वेळी एका वर्गाचे पालक, पंचवीस मिनिटं. रोजची हजेरी, रोजचा चाल-थांब, मुलांना खरोखर येणारी दोन गाणी, शेवटच्या फेरीत पालकांनीही गोलात यायचं. मंच नाही, भाड्याचे टोचणारे कपडे नाहीत, पेन्सिलने काढलेल्या मिशा नाहीत. वेगळ्या तालमीला एक दिवसही लागत नाही.

महिला व बालविकास विभागाकडे मागणी साधी आहे. सेविकांच्या प्रशिक्षणात गाण्याचा सराव भाषणांच्या मध्ये ‘उत्साहवर्धक’ म्हणून न घेता स्वतंत्र तासाने घ्यावा, आणि त्यात पट्टी, लय, गोल आखणं, वाद्यांची तपासणी यांचा समावेश असावा. पर्यवेक्षिकांच्या मासिक बैठकीत अहवालांची पानं भरून झाली की अर्धा तास एका नव्या गाण्याला द्यावा. ते समोरासमोर, तोंडी शिकवावं. ज्यांचा आवाज ‘चांगला नाही’ त्यांनीही गावं, मुलं आवाजाला गुण देत नाहीत. त्याची ध्वनिफीत व्हॉट्सॲप गटावर जरूर पाठवावी, पण सेविकांच्या स्वतःच्या उजळणीसाठी. मुलांपुढे ती लावू नये, अशी सूचना तिच्यासोबतच जावी.

– बालशिक्षणात काम करणाऱ्या काही शिक्षिका व संगीतशिक्षक